बचत गटाचा ग्रुप सिग्नलवर नेला, आठ महिने झाले, काय जमलं काय नाही ते सांगते

आमचा बचत गट बारा बायकांचा, सेलू तालुक्यातलं गाव, दर सोमवारी संध्याकाळी अंगणवाडीच्या ओट्यावर मीटिंग. मी सचिव, म्हणजे इतिवृत्त लिहायचं, हप्त्यांचा हिशोब ठेवायचा, बँकेत जायचं, आणि गेल्या तीनचार वर्षांपासून मोबाईलवरचा ग्रुप सांभाळायचं काम पण माझ्याकडंच आलं. तो ग्रुप मी गेल्या श्रावणात व्हॉट्सॲपवरून उचलून सिग्नल नावाच्या दुसऱ्या मेसेजच्या ॲपवर नेला. त्याच ओघात मॅस्टोडॉन (ट्विटरसारखं) आणि पिक्सेलफेड (फोटो टाकायचं) स्वतः वापरून बघितलं, टेलिग्राम आधीपासून होतं, अरत्तई पण टाकून बघितलं. आता आठ महिने झाले, शेजारच्या गावच्या गटातल्या बायका विचारायल्यात की आम्हीबी करावं का, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते.

कामून नेला ते आधी सांगते, ते कळलं नाही तर पुढचं सगळं उगं वाटंल. जुना ग्रुप केला तेव्हा आम्ही बाराच होतो. मग एकीच्या फोनला रिचार्ज नसायचं म्हणून तिच्या नवऱ्याचा नंबर घातला, मग एकीचा पोरगा आला, मग कर्जाच्या कामासाठी येणारा एका फायनान्सचा माणूस, मग त्यानं आणलेला अजून एक माणूस, असं करता करता ग्रुपमधे चौसष्ट जण झाले आणि त्यातले निम्मे कोण हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आणि त्याच ग्रुपवर आम्ही काय टाकायचो, तर पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो, आधार कार्ड दोन्ही बाजूंनी, कोणाचा हप्ता थकला, कोणाच्या घरी दवाखाना चालू आहे म्हणून पैसे पाहिजेत. मागच्या उन्हाळ्यात एकाच आठवड्यात तिघींना फोन आले. समोरचा माणूस नाव घेऊन बोलला, खात्याचे शेवटचे चार आकडे सांगितले, गटाचं नाव पण बरोबर सांगितलं, म्हणे तुमचं वाढीव कर्ज मंजूर झालंय, फी तेवढी भरा. एकीनं १८५० रुपये भरले. हळदीच्या कामाच्या रोजाचे पैसे होते ते, उन्हात बसून मिळवलेले. चार दिवस ती घरी बोललीच नाही, मग मला सांगितलं, मग आम्ही १९३० वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर, तक्रार नोंदवली, पण तोवर वेळ निघून गेली होती.

त्याहून वाईट पुढं झालं. आमच्यात सगळ्यात लहान जी सून आहे, तिचा डीपीचा फोटो कोणीतरी उचलून भलत्याच नावाच्या खात्याला लावला आणि त्या खात्यावरून गावातल्याच पोरांना मेसेज जायला लागले. तिला काहीच माहीत नाही. कळलं तेव्हा घरच्यांनी काय केलं, तर तिचा फोन काढून घेतला. दीड महिना. चूक भलत्याची आणि फोन गेला तिचा. ती मीटिंगला यायची, कोपऱ्यात बसायची, हप्ता द्यायची आणि निघून जायची, एक शब्द नाही. मला ते बघवत नव्हतं, कारण तिला त्या ग्रुपमधे मीच घातलं होतं.

म्हणून मला कोणी म्हणलं ना की प्रायव्हसी हे शहरातल्या लोकांचं खूळ आहे, आपल्याकडं लपवायसारखं काय हाय, तर मला फार लागतं ते. आपल्याकडंच तर आहे. पुण्यामुंबईच्या बाईचा नंबर बाहेर गेला तर ती ब्लॉक करती आणि कामाला लागती, आपल्याकडं नंबर बाहेर गेला तर बाईचा फोन जातो, कधी कधी गटात यायचं पण बंद होतं. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सांगून ठेवलंय की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, एकमतानं. तो हक्क गरिबाला नाही, खेड्यातल्या बाईला नाही, असं त्यात कुठं लिहिलेलं नाही.

आता सिग्नलचं. पंचमीच्या आदल्या दिवशी सगळ्या आक्कांच्या घरी जमणार होत्या (आक्का म्हणजे आमच्या गटाच्या अध्यक्ष, वय बासष्ट), माहेरवाशिणी आलेल्या, म्हणलं आजच करून टाकू. आणि तिथं गेल्यावर बघते तर निम्म्या बायकांच्या हाताला मेंदी! ॲप डाउनलोड करायचं तर टाकीजवळ जाऊन उभं राहायचं, आमच्याकडं नेटवर्क तिथंच येतं, ओटीपी आला की पळत आत यायचं, मेंदीवालीच्या फोनवर दुसरीनं आकडे टाकायचे, तोवर वेळ संपायचा, परत मागवायचा. एका काकूंचा ओटीपी चौथ्या वेळेला लागला. ते एसएमएस तिकडं सिग्नलला फुकटात पडत नाहीत हे मला नंतर कळलं, त्यांनी २०२३ च्या नोव्हेंबरमधे खर्चाचा हिशोब जाहीर केला होता, त्यात नुसत्या नोंदणीच्या ओटीपीवरच वर्षाला ६० लाख डॉलर जातात असं होतं, सर्व्हरपेक्षा जास्त. आणि २०२५ पर्यंत एकूण खर्च वर्षाला ५ कोटी डॉलरच्या आसपास जाईल असा अंदाज दिला होता. जाहिरात नाही, मग हा पैसा येतो कुठून, तर देणगीतून. हे मी बायकांना सांगितलं तर आक्का म्हणल्या, "म्हंजी वर्गणीवर चालतंय म्हण की, सप्त्यासारखं." बरोबर तसंच.

सिग्नलमागं फाउंडेशन आहे, कंपनी नाही, नफा काढायचाच नाही अशी संस्था. २०१८ साली मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ब्रायन ॲक्टन या दोघांनी ती काढली. यातला ॲक्टन म्हणजे व्हॉट्सॲप काढणाऱ्या दोघांपैकी एक. २०१४ मधे फेसबुकनं व्हॉट्सॲप १९०० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं, तीन वर्षांनी हा माणूस तिथून बाहेर पडला आणि स्वतःचे ५ कोटी डॉलर सिग्नलमधे घातले. ज्यानं पहिलं घर बांधलं तोच उठून दुसरं बांधायला गेला यावर मला फार विचार करावासा वाटला.

इथं खोटं बोलायचं नाही म्हणून एक सांगते, मेसेजच्या आतला मजकूर व्हॉट्सॲपवर पण कुलूपबंदच असतो, २०१६ पासून, आणि ते कुलूप सिग्नलवाल्यांनीच बनवलेलं आहे. त्यामुळं "तिकडं सगळे मेसेज वाचतात" असं जे फॉरवर्ड फिरतं ते चुकीचं आहे. फरक कुलपाच्या बाहेरचा आहे. पत्रातलं वाचलं नाही तरी पत्र कोणी कोणाला, कधी, किती वेळा पाठवलं हे पोस्टमनला माहीतच असतं ना, तसं. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपनं नवीन अटी आणल्या, तेव्हा लोक लाखांनी सिग्नलवर गेले, इतके की १५ जानेवारीला सिग्नलच बंद पडलं होतं, दुसऱ्या दिवशी सुरू झालं. त्याच अटींवरून आपल्या स्पर्धा आयोगानं २०२४ च्या नोव्हेंबरमधे मेटाला (फेसबुकच्या कंपनीचं आताचं नाव) २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, मग ते अपिलात गेलं. आणि सिग्नलकडं काय साठतं, तर २०१६ मधे अमेरिकेतल्या कोर्टाच्या कामात त्यांच्याकडं एका खात्याची माहिती मागितली होती, तेव्हा त्यांना फक्त दोन गोष्टी देता आल्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. यादी नाही, ग्रुप नाही, काहीच नाही, कारण साठवलेलंच नव्हतं. माझ्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा हा. जे घरात ठेवलंच नाही ते चोरीला जाणार कसं.

रोजच्या वापरात आमच्या कामाच्या तीनचार गोष्टी निघाल्या.

पहिली, नंबर दिसत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीपासून सिग्नलवर युजरनेम ठेवता येतं आणि ज्याच्याकडं तुमचा नंबर सेव्ह नाही त्याला तो दिसतच नाही, नाव तेवढं दिसतं. म्हणजे उद्या एखादी नवीन बाई ग्रुपमधे आली, नाहीतर तालुक्याची ताई आली, तरी तिच्या फोनमधे बाकीच्यांचे नंबर जात नाहीत. ज्या एका गोष्टीमुळं आमच्या तिघींना फोन आले तीच बंद झाली. ग्रुपच्या लिंकला ॲडमिनची परवानगी लावून ठेवली, आता कोणालाबी आत यायचं तर आक्का नाहीतर मी हो म्हणल्याशिवाय येता येत नाही. बाराच्या बारा आहोत, एक पुरुष नाही, एक एजंट नाही.

दुसरी गोष्ट बायकांना सगळ्यात जास्त आवडली. फोटो पाठवायच्या आधी बोटानं घासलं की तेवढा भाग धुरकट होतो. मुळात आंदोलनातल्या लोकांचे चेहरे झाकायला २०२० मधे आणलेलं आहे ते, आम्ही पासबुकाला वापरतो. नाव आणि शिल्लक दिसू द्यायची, खाते नंबर आणि आयएफएससी घासून टाकायचा. मी सोमवारी मीटिंगमधे दोनदा करून दाखवलं, काकूंनी स्वतःच्या फोनवर केलं, बोट जरा जास्तच फिरवलं तर शिल्लक पण गेली, परत केलं. आता त्या नातवाची मार्कशीट पाठवताना पण बैठक क्रमांक झाकतात, मी सांगितलेलं नाही, त्यांचं त्यांनीच सुरू केलं.

मेसेज आपोआप पुसायची वेळ लावता येते, आम्ही ग्रुपला चार आठवडे ठेवलीय. महिनाभराचा हिशोब पुढच्या पहिल्या सोमवारी वहीत उतरला की मोबाईलवर असायची गरजच नाही. आधी वाद झाला यावर, एक वहिनी म्हणली की पुरावा राहत नाही, उद्या कोणी म्हणलं मी हप्ता दिलाय तर? बरोबर प्रश्न होता तिचा. मग ठरावच केला की पुरावा म्हणजे वही आणि सह्या, मोबाईल नाही, त्यामुळं उलट वही आता वेळेवर लिहून होती. पण हे पण लक्षात ठेवा, पुसला जायच्या आधी कोणी स्क्रीनशॉट काढला नाहीतर दुसऱ्या मोबाईलनं फोटो काढला तर सिग्नल काहीच करू शकत नाही. माणूस विश्वासाचा नसंल तर ॲप काय करणार.

आता खटकलेल्या गोष्टी, ह्यापण मनापासून सांगते.

खातं उघडायला मोबाईल नंबर लागतोच. समोरच्याला दिसत नसला तरी नोंदणीला लागतो, आणि आमच्यातल्या दोघींकडं स्वतःच्या नावाचं सिम नाही, नवऱ्याच्या नावाचं आहे. सिम त्याच्या हातात असलं की ओटीपी पण त्याच्या हातात. पिन लावून नोंदणीचं कुलूप चालू केलं तर दुसऱ्या फोनवर कोणी परस्पर खातं उघडू शकत नाही, ते सगळ्यांचं चालू करून दिलं, पण पिन विसरली तर सात दिवस बाहेर बसावं लागतं. ॲप मधे मधे पिन विचारत राहतं, तुम्ही विसरू नये म्हणूनच विचारतं, पण बायका घाबरतात, त्यांना वाटतं कोणीतरी फसवायलंय, बँकेचं पण असंच सांगितलंय ना की पिन कोणाला सांगू नका. माझ्याकडं दहा वेळा फोन आले असतील या एका गोष्टीसाठी. सेटिंगमधून ती आठवण बंद करता येते, मी तिघींची केली.

फोन गेला तर गप्पा गेल्या, हे सगळ्यात मोठं. आमच्या एकीचा फोन गोठ्यातल्या हौदात पडला, म्हशीला पाणी पाजताना, नवीन फोन घेतला, सिग्नल टाकलं, आणि रिकामं. त्यात तिच्या आईनं पाठवलेले आवाजातले मेसेज होते, आई दिवाळीत वारली. बॅकअप घ्यायचं मी शिकवलंच नव्हतं तिला. ती काही बोलली नाही मला, पण मला ते विसरता येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरपासून सिग्नलनं स्वतःचा बॅकअप आणायला सुरुवात केली, आधी अँड्रॉइडला, त्यात मेसेज आणि शेवटच्या ४५ दिवसांचे फोटो फुकट राहतात, जास्त पाहिजे तर महिन्याचे पैसे. त्याला ६४ अक्षरांची एक चावी मिळती आणि ती हरवली तर सिग्नलवाले पण उघडून देऊ शकत नाहीत. म्हणून मी बाराही जणींची चावी त्यांच्याच हातानं त्यांच्याच कागदावर लिहून घेतली, एकेकीला अर्धा तास लागला, शून्य आहे का ओ आहे हे तपासत, आणि कागद पेटीत ठेवायला सांगितला, गटाच्या पेटीत नाही, स्वतःच्या. तुम्ही बसवणार असाल तर पहिल्याच दिवशी हे करा, आमच्यासारखं नंतर नाही.

बाकी बारीकसारीक. मेसेज उशिरा येतात अशी तक्रार यायची, बघितलं तर फोनमधला बॅटरी वाचवायचा प्रकार ॲपला झोपवत होता, त्या यादीतून सिग्नल बाहेर काढलं की झालं. ॲप मराठीत लावता येतं, लावूनच द्या. पैसे पाठवायची सोय नाही, यूपीआय वेगळंच उघडावं लागतं. स्टेटससारखं आहे, स्टोरी म्हणून, पण बघणारंच कोणी नाही तर टाकून काय करायचं. आणि हीच खरी अडचण, बाकी कोणीच तिथं नाही. शाळेचा ग्रुप तिकडं, टँकरचा ग्रुप तिकडं, सोयाबीनचा भाव तिकडं, लग्नाच्या पत्रिका तिकडं. मी कोणालाच जुनं ॲप काढून टाका म्हणलेलं नाही आणि म्हणणार पण नाही, ती बाई एकटी पडती. एकच ग्रुप उचलायचा, पण पूर्ण उचलायचा, आणि जुना त्याच दिवशी बंद करायचा. आम्ही पहिले पंधरा दिवस दोन्ही चालू ठेवले तर कोणीच इकडं आलं नाही, जुना बंद केला त्या संध्याकाळी अकरा जणी आल्या. बारावी म्हणजे ती लहान सून, तिचा फोन अजून घरच्यांकडंच होता. आक्का तिच्या सासूकडं स्वतः गेल्या, हा ग्रुप दाखवला, बघ म्हणल्या कोण कोण हाय यात, एक तरी गडीमाणूस दिसतो का. नंबर दिसतो का. सासूनं फोन हातात घेऊन वरखाली करून बघितला. तिसऱ्या दिवशी पोरगी ग्रुपवर आली आणि तिनं पहिला मेसेज टाकला तो फक्त हात जोडलेला. ॲपला पाचपैकी किती द्यायचे म्हणून विचारतात लोक, माझे पाचातले साडेचार त्या एका संध्याकाळचे आहेत.

टेलिग्रामबद्दल थोडक्यात, कारण पोरं सारखी म्हणतात की ते सुरक्षित आहे. तिथं साधं चॅट शेवटपर्यंत कुलूपबंद नसतं, त्यासाठी गुप्त चॅट वेगळं सुरू करावं लागतं, ते पण दोघांतच होतं, ग्रुपला ती सोयच नाही. अभ्यासाच्या नोट्स, पीडीएफ, भरतीच्या जाहिराती यासाठी चांगलं आहे, पासबुकासाठी नाही. अरत्तई हे झोहो कंपनीचं मेसेजचं ॲप, आपल्या देशातलं, २०२५ च्या सप्टेंबर ऑक्टोबरमधे एकदम गाजलं, मी पण टाकलं, हलकं आहे, साध्या फोनवर नीट चालतं. पण तेव्हा त्यात कॉलला कुलूप होतं आणि मेसेजला नव्हतं, म्हणून गट तिकडं नेला नाही. स्वदेशी असणं मला आवडतं, पण स्वदेशी वेगळं आणि खासगी वेगळं. कू आठवतंय ना, ट्विटरसारखं, आपलंच होतं, मराठीत लिहिता यायचं, २०२४ च्या जुलैमधे बंद पडलं आणि तिथं लिहिणाऱ्यांना दुसरीकडं जागा शोधावी लागली.

इंटरनेटवर खासगी मेसेजच्या ॲपच्या याद्यांमधे ब्रायर, एलिमेंट, थ्रीमा यांची पण नावं येतात. ब्रायर तर ब्लूटूथवर पण चालतं, नेट नसलं तरी, ऐकून मला वाटलं होतं आपल्या नेटवर्कला हेच पाहिजे. पण ही तिन्ही २०२३ च्या मे महिन्यात सरकारनं बंदी घातलेल्या १४ ॲपच्या यादीत होती, त्यामुळं मी त्या वाटेला गेले नाही आणि बायकांना तर अजिबातच सांगणार नाही.

आता मॅस्टोडॉन. हे गटासाठी नाही, माझ्यासाठी. मला आपल्या भागातल्या बारवांचं, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींचं, वेड आहे, वालूरची बारव आमच्याच तालुक्यात, पायऱ्या गोल फिरत फिरत खाली जातात तशी, गावकऱ्यांनी गाळ काढून मोकळी केलेली, बघत राहावं असं काम आहे. मोठ्या ॲपवर त्याचे फोटो टाकले की खाली भलतंच यायचं, साडीच्या जाहिराती, अनोळखी माणसांचे "हाय", आणि मी बारवेचं टाकलं म्हणून मला दिवसभर बोअरवेलच्या जाहिराती. मॅस्टोडॉनवर यातलं काहीच नाही. जाहिरात नाही, आणि जे आधी टाकलं ते आधी, जे नंतर ते नंतर, कोणतं यंत्र मधे बसून तुम्हाला काय दाखवायचं ते ठरवत नाही. दहा मिनिटांत सगळं बघून होतं आणि मग संपतं. फोन खाली ठेवता येतो. मला हे इतकं बरं वाटलं की रात्रीची झोप सुधारली म्हणलं तरी चालंल.

ओयगेन रोख्को नावाच्या जर्मनीतल्या पोरानं २०१६ मधे हे काढलं. एकच मोठं दुकान नाही, छोटे छोटे हजारो सर्व्हर आहेत आणि ते एकमेकांशी बोलतात, जसं आपल्या एका गावच्या माणसाला दुसऱ्या गावच्या बाजारात जाता येतं पण प्रत्येक गावची ग्रामपंचायत आपली आपली. सुरुवातीला कोणता सर्व्हर निवडायचा इथंच माणूस अडकतो, मी पण दोन दिवस अडकले होते, शेवटी मोठा होता तो घेतला. पुढं बदलायचा तर फॉलो करणारे बरोबर येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत, हे माहीत असू द्या. आपल्याकडं २०१९ च्या नोव्हेंबरमधे एकदा मोठी लाट आली होती, सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं तेव्हा. नंतर २०२२ मधे इलॉन मस्कनं ४४०० कोटी डॉलरला ट्विटर घेतलं तेव्हा जगभरातून लोक आले. पण टिकले त्यात मराठी फार थोडे. मराठी हॅशटॅग टाकून शोधलं तर दिवसाला हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या पोस्ट दिसतात मला. आपल्या भागातलं तर अजून कोणी भेटलंच नाही, ह्याचं वाईट वाटतं.

एक मोठा गैरसमज मात्र काढून टाका. मॅस्टोडॉन खासगी आहे म्हणजे तिथं टाकलेलं गुप्त राहतं असं नाही. तुमच्यावर पाळत ठेवून जाहिराती विकत नाहीत इतकाच त्याचा अर्थ. पोस्ट जगाला दिसती, हवं तर फक्त फॉलो करणाऱ्यांपुरती ठेवता येते. आणि दोघांतले खासगी मेसेज कुलूपबंद नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याला ते बघता येऊ शकतात. बारवेबद्दल लिहायला ठीक, आधार नंबर पाठवायला नाही.

५०० अक्षरांची मर्यादा आहे, मराठीला पुरते. मला तिथली फोटोचं वर्णन लिहायची पद्धत फार भावली. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला त्याचा फोन ते वाचून दाखवतो. मी वालूरचा फोटो टाकला तेव्हा नुसतं "बारव" लिहिलं होतं, तर एका अनोळखी बाईनं इंग्रजीत विचारलं की मला दिसत नाही, पायऱ्या कशा आहेत सांगाल का. मग मी बसून लिहिलं, दगड काळा आहे, पायऱ्या उजवीकडून वळत खाली जातात, कडेच्या दगडावर शेवाळ आहे, भिंतीत देवळी आहे. लिहिता लिहिता मलाच कळलं की मी इतक्या वर्षांत देवळीकडं नीट बघितलंच नव्हतं. पुढच्या रविवारी परत गेले बघायला.

पिक्सेलफेड त्याच घरातलं आहे, मॅस्टोडॉनशी जोडलेलं, फोटोंसाठी. डॅनियल सुपरनॉल्ट या कॅनडातल्या माणसानं २०१८ मधे सुरू केलं, मोबाईलचं ॲप २०२५ च्या जानेवारीत आलं. दिसायला छान, जाहिरात नाही, पण रील बघायची सवय असणाऱ्याला दोन मिनिटांत कंटाळा येईल, माझ्या भाचीला आलाच. मला चालतं, मी बारवांचा एक संग्रह केलाय तिथं, चारठाण्याची, वालूरची. फोटो टाकताना कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करून मग काढा, कुठल्याबी ॲपसाठी सांगते, विशेषतः घरातल्या पोरींचे फोटो असतील तर.

पुढच्या सोमवारी वालूर रस्त्यावरच्या गटाकडं जाणार आहे, अठरा बायका आहेत, त्यात सातजणींकडं बटणाचाच फोन आहे. त्यांचं काय करायचं हे आक्कांनी विचारलं, मी म्हणलं त्यांच्यासाठी वही आणि निरोप, आधीसारखं, आणि त्यांचे आधारचे फोटो दुसऱ्या कोणाच्या फोनमधे काढून ठेवायचे नाहीत. यावेळी मेंदीचा दिवस धरलेला नाही. येताना प्रत्येकीनं एक कोरा कागद आणि पेन आणायचं सांगितलंय, चावी लिहायला, आणि आमची ती लहान सून बरोबर येणार आहे, धुरकट करायचं ती शिकवणार आहे.